शिळी पोळी तुमच्या एकटीच्याच ताटात का?

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"घरात आम्ही पाच जण. मी, मिस्टर, सासूबाई, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मिस्टरांचा ओव्हरटाइम दिवाळीनंतर बंद झाला. मी ठाण्याला नोकरीला जाते, सकाळी आठला घर सोडते, परत यायला सात वाजतात. आठवड्याचा खाण्याचा खर्च ४,२०० रुपयांवर गेलाय. वाणसामान १,५००, भाजी आणि फळं ८२५, दूध ७३५ आणि घरपोच ॲपवरून मागवलेलं १,१४०. तो ३,००० वर आणायचाय. मी माझ्यापासून सुरुवात केली. संध्याकाळचं दूध बंद केलं, फळ मुलांनाच देते, रात्री उरलेल्या चार पोळ्या सकाळी मीच खाते आणि डब्यालाही नेते. तरी बिल जिथल्या तिथे. मुलगी उसळ म्हटली की तोंड वाकडं करते. सासूबाई साताऱ्याकडच्या, त्यांना मधुमेह आहे. पावत्या सोबत जोडल्यात. आणखी काय कमी करू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीपाशी थांबले: "मी माझ्यापासून सुरुवात केली." माझी आई असंच करायची. सगळ्यांची जेवणं उरकली की पातेल्याच्या तळाची आमटी आणि सकाळची पोळी घेऊन ओट्याशी उभ्यानेच जेवायची. आम्हा भावंडांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आम्ही दुसरं काही पाहिलंच नव्हतं. चाळिशीत तिला जिना चढवेना आणि तपासणीत हिमोग्लोबिन सात निघालं, तेव्हा आमचे डोळे उघडले. ही एका घरातली गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणून पैशांचं बोलण्याआधी एक मागते: तुमचा दुधाचा कप उद्यापासून पुन्हा सुरू करा. त्याचे पैसे कुठून येतील ते पुढे सांगतेच.

आता पावत्या. मी त्या ओळीने मांडून पाहिल्या. एका आठवड्यात ॲपवर नऊ वेळा ऑर्डर गेली आहे. पनीरची दोन पाकिटं, दह्याचे तीन डबे, इडलीचं तयार पीठ, आलं-लसणाची पेस्ट, दोनदा ब्रेड, बिस्किटं, चिप्स आणि चार वेळा कोथिंबीर. दोन ठिकाणी तर घरपोच मोफत मिळावं म्हणून वर काहीतरी टाकलेलं दिसतं. सातला घरी पोचून साडेआठला पाच ताटं वाढायची असतात तेव्हा हात फोनकडे जातो, यात मला तुमची चूक दिसत नाही. पण तुम्ही कात्री लावलीत तुमच्या कपाला आणि तुमच्या केळ्याला, आणि पैसा चाललाय या नऊ पिशव्यांतून. डाळ-तांदूळ-भाजीने तुमचं बिल फुगलेलं नाही.

या पिशव्या बंद करायच्या तर सात वाजता घरात काहीतरी तयार हवं. त्यासाठी रविवारी दीड तास काढा, आणि तो तुम्ही एकटीने काढू नका. मिस्टरांचा ओव्हरटाइम बंद झालाय म्हणजे त्यांच्या हाताशी थोडा वेळ आहे. लसूण सोलणं, पालेभाजी निवडणं, नारळ खवणं ही कामं कुणालाही येतात. आलं-लसूण थोडं मीठ घालून आठवड्यापुरतंच वाटा. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. कोथिंबीर धुवून, पंख्याखाली पूर्ण कोरडी करून सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की आठवडा निघतो. देठ टाकू नका, वाटणात पानांपेक्षा देठाचाच वास जास्त उतरतो. दही रोज रात्री अर्धा लिटर दुधाला विरजण लावून घरीच. इडलीसाठी तीन वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडदाची डाळ आणि चमचाभर मेथ्या शनिवारी दुपारी भिजत घाला आणि रात्री वाटा. एक किलो तांदूळ-डाळीचं दुपटीहून जास्त पीठ होतं. पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी डोसे, तिसऱ्या दिवशी उरलेलं आंबट पीठ कांदा-मिरची घालून आप्पेपात्रात. मुलांचा संध्याकाळचा खाऊ त्यातच भागतो आणि चिप्स-बिस्किटं आपोआप निम्म्यावर येतात.

पनीरबद्दल खरं सांगते, ते घरी करून फारसं वाचत नाही. लिटरभर फुल क्रीम दुधाचं पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम पनीर निघतं, म्हणजे पाकिटाच्या आसपासच किंमत आणि वर गॅस. मुलं वाढीची आहेत, त्यांना प्रथिनं हवीत म्हणून तुम्ही पनीर आणता, हे मला समजतं. पण दोनशे ग्रॅम पनीरमध्ये जितकी प्रथिनं, जवळपास तितकी १६० ते १७० ग्रॅम कोरड्या मटकीत असतात. ती मटकी वीस-पंचवीस रुपयांत येते. कडधान्याच्या प्रथिनांत जे उणं असतं ते भाकरी-पोळी-भात भरून काढतात, म्हणून उसळ आणि भाकरी एकाच ताटात असली की झालं. आठवड्याला दोनऐवजी एक पाकीट पनीर ठेवा, किंवा घरात चालत असेल तर त्या जागी अंडी आणा. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात आणि अंड्याची रस्सा आमटी वीस मिनिटांत होते.

मोड आणण्याचं काम सासूबाईंकडे सोपवा. साताऱ्याच्या बाईला मटकी कशी मोडवायची हे आपण सांगायची गरज नाही. सकाळी भिजवलेली मटकी संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधली की उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी मोड दिसतात, थंडीत दिवसभर जास्त लागतो. वाटीभर मटकीची मोड आल्यावर दोन-अडीच वाट्या होते. मोडाची कडधान्यं फ्रीजमध्ये तीन दिवस चांगली राहतात, पण कच्ची देऊ नका. ओलसर उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात, म्हणून मुलांना आणि सासूबाईंना वाफवूनच द्या.

राहिली तुमची लेक. तिला उसळीचा कंटाळा नाही, मटकीच्या त्याच त्या उसळीचा आहे, असं मला वाटतं. तुमच्या चार आठवड्यांच्या किराणा-पावत्यांत मटकी आणि हिरवे मूग सोडून तिसरं कडधान्य मला सापडलं नाही. आपल्याकडे काय नाही? अख्खा मसूर तर सासूबाईंच्या मुलखातला. कराड-इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर लोक तो मुद्दाम थांबून खातात. कांदा-लसूण-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, कांदा-लसूण मसाला आणि वर गरम ज्वारीची भाकरी, एवढंच लागतं. मसूर भिजवून ठेवलेला असेल तर कुकरला दोन-तीन शिट्ट्यांत मऊ होतो. वालाचं बिरडं सोलायला वेळ लागतो, ते रविवारचं काम. चवळीची आमसूल घालून आमटी करा. कुळथाचं पीठ घरात असलं तर पिठलं दहा मिनिटांत होतं आणि ते पावसाळ्यात इतकं छान लागतं की मुलंही पुन्हा मागतात. हिरवे मूग भिजवून आलं-मिरचीबरोबर वाटले की धिरडी होतात. पोरीला ती डोसा म्हणून द्या, मी आक्षेप घेणार नाही. आणि शनिवारी मिसळ. तीच मटकी, पण वर कट, कांदा, लिंबू आणि मूठभर फरसाण. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे वर्ष कडधान्यांचं आणि २०२३ हे भरडधान्यांचं म्हणून पाळलं, जगाला त्यांचं महत्त्व पटवायला. आपल्या आज्यांनी मसूर-भाकरीचं ताट कधीच मांडलं होतं.

आता उरलेल्या पोळ्या, कारण त्या मला सगळ्यात जास्त खुपल्या. रोज चार उरतात म्हणजे आठवड्याला अठ्ठावीस. एका पोळीला तीस ग्रॅम कणीक धरली तरी पाऊण किलोहून जास्त कणीक दर आठवड्याला जास्तीची मळली जाते. ती तुमच्या पोटात जाते म्हणून वाया गेल्यासारखी वाटत नाही, इतकंच. पोळ्या लाटण्याआधी प्रत्येकाला विचारा, आकडा फ्रीजवरच्या कागदावर लिहा आणि आठवडाभर तसंच मोजून मळा. तरीही एखाद-दुसरी उरेल, आलं-गेलं कोणी असेल म्हणून उरायलाही हवी. ती मग सगळ्यांची. तव्यावर मोहरी, कढीपत्ता, भरपूर कांदा, शेंगदाणे आणि हाताने कुस्करलेली पोळी; वर ताकाचा शिपका मारून झाकण ठेवलं की फोडणीची पोळी मऊ राहते. मुलाला गूळ-तूप घालून पोळीचा लाडू वळून द्या. आमच्या घरी त्यासाठी भांडणं व्हायची, आणि मग आई मुद्दाम दोन पोळ्या जास्त लाटायची.

आमटी उरली तर चकोल्या करा, तुमच्याकडे त्याला वरणफळं म्हणत असतील. उरलेल्या आमटीत पाणी, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा आणि थोडं तिखट वाढवून उकळी आणायची. पोळी लाटून तिचे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापायचे आणि ते एकेक करून उकळत्या आमटीत सोडायचे. एकदम टाकले तर गोळा होतो. वरून कच्चं तेल नाही, तूप. एक वाटी आमटीत पाच जणांचं रात्रीचं जेवण होतं आणि वेगळी भाजी, वेगळा भात काही लागत नाही. सातला घरी येणाऱ्या बाईसाठी याहून चांगला बेत मला माहीत नाही. घट्ट भाजी उरली तर ती भाजणीत किंवा ज्वारीच्या पिठात मळून थालीपीठ लावा.

भाताचं मात्र जपा. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात असे जंतू वाढू शकतात की ज्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. जेवण झालं की ताटलीत पसरून गार करा, तासाभरात फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोडणी घालून संपवा. वास आला तर पैशांचा विचार न करता टाकून द्या.

भाजीला ८२५ रुपये पाच माणसांना जास्त नाहीत. त्यातली फळं तर मुळीच कमी करू नका. सफरचंदाऐवजी पेरू, केळी, पपई घ्या आणि ती पाच जणांत कापा. पण किती भाजी शिजवली जाते आणि किती कचऱ्यात जाते ते पाहा. दोडक्याच्या शिरा तुम्ही टाकत असाल. त्या धुवून बारीक चिरा, चमचाभर तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, मग तीळ, किसलेलं सुकं खोबरं, तिखट, मीठ घालून पुन्हा दोन मिनिटं. ही चटणी चार दिवस पुरते. दुधीच्या सालींचंही तसंच. मुळ्याचा पाला बेसन पेरून, फ्लॉवरचे कोवळे दांडे बटाट्याबरोबर, कलिंगडाचा पांढरा गर किसून थालीपिठात. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच. सालं वापरायची तेव्हा भाजी मिठाच्या पाण्यात घालून चोळून धुवा, फवारणीची भीती असतेच.

बाजाराला जायच्या आदल्या दिवशी घरात नवी भाजी चिरायची नाही, असा नेम करा. त्या दिवशी फ्रीजमधलं अर्धं गाजर, दोन वांगी, मूठभर घेवडा, सुरकुतलेला टोमॅटो, सगळं एकत्र. भोगीला आपण लेकुरवाळी भाजी करतोच की, तीळकूट आणि शेंगदाणे घालून. ती वर्षातून एकदाच का करायची? आणि मग रिकामा फ्रीज पाहून यादी लिहायची. स्टेशनबाहेर रात्री भाजी स्वस्त मिळते हे खरं, पण पालेभाजी तेव्हा घेतलीत तर त्याच रात्री निवडायची ताकद उरलेली हवी, नाहीतर सकाळी निम्मी पिवळी. त्यापेक्षा दुधी, भोपळा, कोबी असं टिकणारं घ्या.

महागाईच्या दिवसांत एखाद्या भाजीवर अडून बसू नका. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरावर गेला होता. आमटीला आंबट हवं असतं, ते चिंच, आमसूल, कैरी, ताक यांतलं कशानेही येतं. कांदा मात्र एप्रिल-मेमध्ये उन्हाळी निघतो तेव्हा दहा-पंधरा किलो घ्या, तो टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा साठवू नका, लवकर सडतो.

किराण्यात दोन गोष्टी दिसल्या. तूरडाळ रोज. चार दिवस तूर ठेवा, तीन दिवस मसूर किंवा मूग, किंवा तूर-मसूर निम्मी-निम्मी. चिंच-गुळाच्या आमटीत कुणाला कळणारही नाही, आणि मसूर लवकर शिजतो म्हणून गॅसही वाचतो. दुसरं तेल. पावत्यांच्या तारखा पाहिल्या तर पाच लिटरचा कॅन तुमच्याकडे २४ दिवसांत संपतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दोन हजार कॅलरींच्या ताटासाठी दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. पाच जणांचं महिन्याचं ते साधारण साडेचार लिटर होतं, आणि त्यात तूपही आलं. कॅनमधून थेट कढईत ओतू नका. सोमवारी एक लिटरची बाटली भरा आणि ती रविवारपर्यंत पुरवा. सासूबाईंच्या तब्येतीलाही ते बरं. त्यांच्या ताटात भाजी आणि उसळ कमी करून भात मात्र वाढवू नका, आणि बाकीचं पथ्य त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आता दूध. तुम्ही रोज दीड लिटर फुल क्रीम घेता. साय साठवून घरी तूप कढवत असाल तर ठीक, तो पैसा तुपात परत येतो. पण तुमच्या पावतीत तुपाची बरणी विकतची आहे, म्हणजे साय चहातच चालली आहे. फुल क्रीममध्ये स्निग्धांश सहा टक्के, टोन्डमध्ये तीन. प्रथिनं दोन्हींत जवळपास सारखी. मुलांसाठी अर्धा लिटर फुल क्रीम ठेवा आणि चहा-विरजणासाठी एक लिटर टोन्ड घ्या. लिटरमागे दहा-बारा रुपये वाचतात, आठवड्याचे सत्तर-ऐंशी. तुमचा रोजचा कप तेवढ्यातच बसतो.

हे सगळं पहिल्या आठवड्यात जमणार नाही. उलट मसूर, चवळी, वाल, उडीद डाळ एकदम आणाल तेव्हा बिल थोडं वाढेलच, त्याने घाबरू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ॲपचे १,१४० चारशेवर यायला हवेत आणि एकूण आकडा ३,१०० च्या आसपास. त्याहून खाली ओढायला मी सांगणार नाही. सुटं तेल, सुटं तिखट आणि हळद स्वस्त दिसते म्हणून घेऊ नका, भेसळीची शंका तिथेच जास्त. मुलांच्या डब्यातलं फळ आणि तुमचं फळ, दोन्ही राहू द्या. जेवल्यावर लगेच चहा घेत असाल तर तो तासाभराने घ्या. चहाने पालेभाजीतलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि लिंबू पिळलं तर उलट जास्त लागतं.

उद्या सकाळी डब्यात चार पोळ्या उरलेल्या असतीलच. मिस्टरांना कांदा चिरायला सांगा, फोडणीची पोळी करा आणि पाच ताटल्यांत वाढा. तुम्हीही बसून खा. आठची गाडी चुकली तर पुढची पकडा. महिनाभराने पावत्या पुन्हा पाठवा, आणि पोरीला कुठलं कडधान्य आवडलं तेही लिहा, मला उत्सुकता आहे.